अलिफ शाळेत, बे रानात

निजामाच्या राज्यातलं फसली साल तेराशे सदतीस, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे सत्तावीस. मी एकोणीस वर्षांचा होतो. मिसरूड नुकतंच फुटलेलं, अंगात ताकद उतू चाललेली, आणि डोकं आत्ता आहे तसंच, एकदा ठरलं म्हणजे ठरलं. त्या सालच्या येळवसेच्या सणाला आमच्या रानात जे झालं ते गावात अजून हसून सांगतात. सांगतात ते बरंचसं चुकीचं सांगतात, म्हणून मी लिहितोय. शाळेत मी दीड महिना गेलतो. मशिदीच्या ओट्यावर एक मौलवीसाब शिकवायचे. मी अलिफ गिरवलं आणि बे यायच्या आधीच मेंढरांमागं पळालो. मराठी अक्षरं चाळिशी उलटल्यावर लेकीच्या पाटीवरून उचलली. तेव्हा अक्षर वाकडं असेल, गोष्ट सरळ आहे.

परवाच येळवस झाली. नातू म्हणाला, आजोबा, फटफटीवर बसा. मी म्हणालो, ज्या रानात मी पायानं गेलो तिथं पायानंच जाईन. दीड तास लागला. लागू दे. निघताना गोठ्यातल्या खुंटीवरची पितळी घंटी काढून धोतराच्या सोग्यात बांधून घेतली. ही आमच्या हौशाच्या गळ्यातली. हौशा म्हणजे आमच्या कळपाचा पुढारी मेंढा, शिंगं अशी की दोन्हीकडून कानात वळलेली. घंटीचा लोळा झिजलाय, पण चालताना मांडीवर आपटून वाजत होती, आणि तो आवाज कानात गेला की माझ्या नाकाला ओल्या लोकरीचा वास येतो. कावून येतो ते डॉक्टरला इचारा. मला येतो.

ओली लोकर, तिच्यात अडकलेली कुसळं, आणि सकाळच्या धुक्यात शेकोटीला टाकलेल्या बाभळीच्या शेंगांचा कडवट धूर. माझं लहानपण एवढंच आहे. मी सात वर्षांचा असताना आम्ही धारूरच्या घाटावरून खाली उतरलो. बा पुढं, मधे मेंढरं, मागं माय, आणि मायच्या डोक्यावर अख्खा संसार. कावून उतरलो ते बानं कधी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. मला आठवतो तो उतार. दगडांवरून खुरांचा आवाज असा यायचा, जणू कुणी वरून शेंगांची पोती ओतावीत. खाली आलो तर काळी माती. मी तोवर एवढी काळी माती बघितली नव्हती. पायाला चिकटली ती सोडेना.

गाव युसूफ वडगावापासून दोन कोसांवर. गावानं आम्हाला लई चांगलं वागवलं. हे मी आधी लिहून ठेवतो, मागनं कुणी म्हणायला नको की म्हातारा गावाची बदनामी करून गेला. गावकुसाच्या बाहेर माळावर जागा दिली, तिथं काट्याचं कुंपण घालून आम्ही मेंढरांचा वाडगा केला. कुणाच्या घरी लग्न निघालं की आम्हाला आवतन. जेवायला गेलं की पहिली पंगत आमची. बसायला घोंगडं आमच्याखाली आधी. विहिरीवर माय गेली की बाया बाजूला सरायच्या, "या हो पाव्हणीबाई, तुमी भरून घ्या आधी." बाला सगळे पाव्हणं म्हणायचे. मला छोटं पाव्हणं.

पहिल्या वर्षी ते गोड लागलं. बाराव्या वर्षी कानात काटा मोडल्यासारखं व्हायचं.

पाव्हण्याला कुणी शिवी देत नाही, हो. पाव्हण्याला कुणी कामाला हाक मारत नाही. माझ्या वयाची पोरं एकमेकांना "काय बे", "चल बे", "मरतो का बे" करत मोटेवर बसायची, हुरडा भाजायची, एकमेकांच्या पाठीत धपाटे घालायची. मी गेलो की सरळ व्हायची. "या, बसा." मी बसायचो, मग कुणाला बोलायला काही सुचायचं नाही. ग्यानबा तात्याचा म्हादू तर माझ्याहून महिनाभरानं लहान. त्यांचं शेत आमच्या माळाला लागून. रोज तोंडाला तोंड, आणि रोज तो मला अहो-जाहो करायचा. एकदा मी मुद्दाम त्याच्या बैलाचा कासरा सोडून दिला, की हा चिडेल, चार शिव्या देईल. तर हा पठ्ठ्या बैल धरून आणून मलाच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या पाव्हणं, गाठ सैल असंल."

मग त्या साली माळाचा एक तुकडा आमच्या नावावर झाला. तहसिलीतून उर्दूत लिहिलेला कागद आला. बाला वाचता येत नव्हतं, मला नुसतं अलिफ. बानं तो कागद तहसिलीतल्या पेशकाराकडून, म्हणजे कारकुनाकडून, तीनदा वाचून घेतला. त्यात एक शब्द होता, साकिन. म्हणजे इथलाच राहणारा. बाचं नाव, पुढं साकिन, पुढं आमच्या गावाचं नाव. बानं तो कागद मुंडाशाच्या आतल्या घडीत ठेवला आणि घरी येताना भेटेल त्याला सांगत आला, "आमी साकिन झालो." लोक म्हणाले, "लई ब्येस झालं, पाव्हणं."

आता स्वतःचं रान आलं म्हणजे स्वतःची येळवस आली.

ज्यांच्याकडं हा सण नाही त्यांच्यासाठी सांगतो. मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी घराला कुलूप आणि माणसं रानात. झाडाखाली कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करायची, आत पाच दगड चुना लावून मांडायचे, ते पांडव, वर शाल पांघरायची. निवद दाखवायचा, मग घरच्या कर्त्या माणसानं आंबील घेऊन रानाच्या चारी बांधांनी शिंपत फिरायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, वलगे वलगे, सालम पलगे. ह्याचा अर्थ मला विचारू नका, गावातल्या कुणालाही येत नव्हता, आणि येत नाही म्हणून कुणी म्हणायचं थांबलं नाही. आणि खरी गोष्ट पुढं आहे. त्या दिवशी कुणी एकट्यानं आपल्या कोपीवर जेवत नाही. ह्या रानातून त्या रानात हाका, "या जेवायला." आणि ज्याचा पाय कोपीला लागला त्यानं उष्टं केल्याशिवाय उठायचं नाही, मग तो दावा धरलेला वैरी असो.

बारा वर्षं आम्ही दुसऱ्यांच्या कोपीवर जेवलो. आमची कोप पहिलीच. मी बाला म्हणालो, "बा, बगतो मी. येळवसला गावातलं एक माणूस आपल्या कोपीवर आलं न्हाई, तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेंढरं घिऊन घाटावर चाललो. जबान हाय माजी."

बा काठी तासत होता. म्हणाला, "जा. घोंगडी ने, वर थंडी हाय."

एवढंच. माझा हट्ट कुठून आलाय ते ह्यावरून कळेल.

मायनं मात्र दोन दिवस आधीपासून रांधायला घेतलं. भज्जी तिनं बारा वर्षं बायांच्या मागं उभं राहून नजरेनं शिकली होती. ओले हरभरे, तुरीचे दाणे, वाल, मेथी, चिंच, गाजर, सगळं एका हंड्यात, वर डाळीचं पीठ. बाजरीचे उंडे वाफेवर. ज्वारीची आंबील आदल्या दिवशीच आंबवलेली, तिच्या मडक्याला चुन्याचे पट्टे ओढलेले. तिघांसाठी किती लागतं? तिनं साठ माणसांचं केलं. मी म्हणालो, "माय, कोण खाणार?" ती म्हणाली, "तू घाटावर नेशील की." मग मीही इरेला पेटलो. गठुडं बांधलं, घोंगडी, तवा, मिठाची पिशवी, आणि रानाच्या कुंपणाच्या मेढीला सगळ्यांना दिसेल असं टांगलं.

येळवसेचा दिवस उजाडला तो असा की अजून डोळ्यांपुढं आहे. ऊन कोवळं, ज्वारी पोटरीत आलेली, हरभऱ्याला घाटे लागलेले, आणि रानभर ठिकठिकाणी कोपी, त्यांच्यावर शाली, लाल, हिरव्या, जणू शिवारात माणसं पांघरूण घेऊन बसलीत. सगळीकडून फोडणीचा वास. मेंढरं वाडग्यात कोंडली होती. पूजा झाली. बा बांधावर उभा राहून हाका द्यायला लागला.

"ओ ग्यानबा तात्या, या जेवायला!"

तिकडून उत्तर, "येतो येतो पाव्हणं! तुमीच या की आदी!"

"आज आमची कोप हाय. तुमी या!"

"कशाला तसदी घेता पाव्हणं? या, पान वाढलंय!"

बानं पाटलाच्या रानाकडं तोंड केलं, तेलंगाच्या रानाकडं केलं. सगळीकडून हेच. येतो येतो, तुमीच या. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. पाव्हण्याला तोशीस द्यायची कशी, एवढाच त्यांचा विचार. सूर्य डोक्यावर आला. मायनं हंड्यावरचं झाकण दोनदा काढलं, दोनदा ठेवलं. मी कुंपणाशी गठुड्याखाली जाऊन बसलो. खोटं कशाला सांगू, मला जिंकल्याचा आनंद झाला नाही.

शेवटी बा उठला. "चला, बांध तरी शिंपू." त्यानं आंबिलीचं मडकं घेतलं, मुंडासं नीट केलं, आतल्या कागदावर हात दाबला, आणि घाटावरच्या माणसाचा गळा काढून ओरडला, "वलगेऽ वलगेऽ!"

इथं एक गोष्ट सांगायची राहिली. आमच्या घरात मेंढरांना मीठ चाटायला बोलवायची एक हाक होती. आज्यापासून चालत आलेली. ती हाक होती, "वल्लेऽ वल्लेऽ." मेंढरू शब्द बघत नाही, गळा ओळखतं. बारा वर्षं सगळं गाव वलगे वलगे ओरडत होतं, मेंढरांनी कान हलवला नाही. पण हा गळा बाचा होता. आणि बा वलगे वलगे बारा वर्षांत पहिल्यांदाच, आपल्या रानात ओरडला होता.

आधी घंटी वाजली. मग वाडग्याचं काट्याचं फाटक कडाडलं. मी उठेस्तोवर हौशा बाहेर, आणि त्याच्या मागं शंभर मेंढरं, धनी मीठ देतोय म्हणून जीव खाऊन पळत. वाडगा माळाच्या वरच्या अंगाला, बा खालच्या बांधाला, मधे ग्यानबा तात्याच्या हरभऱ्याच्या रानाचं टोक घुसलेलं. मेंढरू आडवाट घेत नाही. सरळ आलं. ज्या लिंबाखाली तात्याचं घरदार पान वाढून बसलेलं, त्या कोपीतूनच आलं. कडबा उडाला, भज्जीचा हंडा कलंडला, तात्याची कारभारीण सारजाकाकू उंडा हातात धरून बाभळीच्या आड. आणि हौशा आमच्या कोपीजवळच्या बांधावर येऊन थांबला तेव्हा त्याच्या शिंगावर तात्याच्या कोपीची हिरवी शाल होती, नवरदेवासारखी.

बा मडकं धरून तसाच उभा. भोवती शंभर तोंडं वर करून मीठ मागताहेत.

आणि मागनं गाव आलं. हातात येईल ते घेऊन. काठी, चाबूक, एकाच्या हातात तर भज्जीचा पळा. सगळ्यांत पुढं ग्यानबा तात्या, धोतर गुडघ्यापर्यंत ओढलेलं, मिशीला आंबील लागलेली.

"कावून बे बिऱ्या!" तात्या कडाडला. "हाका दीवाला मारतूस का मेंढरांला? डोळे फुटले का बे तुजे? माज्या पांडवांला तुडवलं, हरबरा तुडवला, बायकू झाडावर चडवलीस!"

मी जागच्या जागी थिजलो. भीतीनं नाही. बारा वर्षांत माझ्या बाला गावातल्या कुणी बिरू म्हटलं नव्हतं. आणि तात्यानं बिऱ्या म्हटलं. बे म्हटलं.

बाच्या तोंडाकडं मी बघितलं. त्याच्या ओठांच्या कडा हलायला लागल्या. तो म्हणाला, "तात्या, सकाळधरनं तुमाला गळा फाडून बोलावतोय, एक बी आला न्हाई. ह्यांला एक हाक मारली, शंभर आली. मी काय करू बे?"

"मला बे म्हणतूस?"

"तू म्हनलास म्हून."

कुणीतरी मागं फिस्कन हसलं. तात्यानं काठी उगारली. तेव्हा माय पुढं झाली, पदर खोचलेला, हातात पळसाच्या पत्रावळी. "मारा हो तात्या, लई मारा. पर आदी जेवा. तुमचा पाय कोपीला लागलाय."

तात्यानं खाली बघितलं. खरंच, रागाच्या भरात पठ्ठ्या आमच्या कोपीच्या पेंढीवर पाय देऊन उभा होता.

"मी जेवाया न्हाई, मारायला आलतो," तात्या म्हणाला.

"उपाशी मार हलका बसतोय," माय म्हणाली आणि पत्रावळ अंथरली.

मग जो हशा पिकला तो शिवारभर गेला. तात्या बसला. तात्या बसला म्हटल्यावर पाटलाकडचे बसले, तेलंगाकडचे बसले, सारजाकाकू उंडा हातात तसाच घेऊन आली आणि म्हणाली, "माजा हंडा तुज्या मेंढरांनी पाडला, आता मला दोन पळ्या जास्त वाढ गं बाई." बानं मात्र आधी मीठ मागितलं. म्हणाला, बोलावलंय तर फशिवता येत न्हाई. माझं कुंपणावरचं गठुडं उतरवून त्यातली मिठाची पिशवी त्यानंच सोडली आणि दगडांवर ओतली. मेंढरं चाटायला लागली, माणसं जेवायला लागली. साठांचं रांधलं होतं, ते पुरलं नाही. शेवटी माय रिकाम्या हंड्याला आतून बोट लावून दाखवत होती, बघा, बघा, काही उरलं नाही, आणि तिचे डोळे असे चमकत होते, जणू तिला कुणी सोन्याचा हंडा दिलाय.

म्हादू मेढीपाशी आला. सुटलेल्या गठुड्याला पायानं ढोसलं.

"हे कशाचं रं गठुडं?"

"उद्या सकाळी घाटावर चाललोय मी. मेंढरं घिऊन." मी म्हणालो. जबान दिलेली होती. एक माणूस आलं तर न्हाई जायाचं, हे माझ्या ध्यानात होतं, पण ही माणसं जेवायला थोडीच आलती, मारायला आलती. असला काथ्याकूट मी तिथं उभा राहून करत होतो.

म्हादूनं माझ्याकडं बघितलं. "हरबरा कुणी तुडवला?"

"मेंढरांनी."

"मेंढरं कुणाची?"

"आमची."

"मग चाललास कुटं बे? पाव्हणा असतास तर सोडून दिला असता." त्यानं पाठीत असा धपाटा घातला की जेवलेलं वर आलं. "बाजरीचं रान मोकळं पडलंय आमचं. तीन दिवस मेंढरं बसीव तिथं, खत पडूदे. मग जा मसनात, न्हाईतर घाटावर."

त्या धपाट्याची जागा मला अजून दाखवता येते. डाव्या खांद्याच्या खाली, चार बोटं.

दिवस मावळायला गवताचे पेटते पेंडे घेऊन पोरं बांधाबांधानं पळाली. मीही पळालो. पेंड्यांच्या ठिणग्या, करपल्या गवताचा वास, कुणाच्यातरी शेतात उतू गेलेल्या दुधाचा वास, आणि सगळ्या शिवारात एकमेकांना घातलेल्या शिव्या. एवढ्या गोड शिव्या मी पुन्हा ऐकल्या नाहीत. कुणीतरी माझ्या नवीन मुंडाशाला ठिणगी लावली. मी त्याला तिथंच लोळवला. त्याची आई म्हणाली, "बरं केलंस."

ग्यानबा तात्या गेला, सारजाकाकू गेली, बा, माय गेले. म्हादू मागच्या पावसाळ्यात गेला. जायच्या आधी दोन दिवस मला म्हणाला, "घाटावर जायाचं ऱ्हायलं की बे तुजं." निजामाचं राज्य गेलं, माळाला विहीर आली, माळावर आता ऊस आहे, आणि मेंढरू औषधालाही नाही. वाडग्याच्या जागी नातवानं मोटारीचं घर बांधलंय, मोटारीला घर, आणि तिला घंटी नाही.

पण परवा काय झालं ते सांगतो. पूजा झाल्यावर नातवानं आंबील घेतली आणि बारीक आवाजात म्हणाला, वलगे वलगे. दर सालासारखं मी म्हणालो, "आपल्या रानात असं म्हणत न्हाईत." मडकं त्याच्या हातातून घेतलं, कमरेची घंटी सोडून त्याला धरायला दिली, आणि ह्या वयात निघेल तेवढा बाचा गळा काढला. "वल्लेऽ वल्लेऽ!"

आसपासच्या रानांतली माणसं उठून उभी राहिली. ग्यानबा तात्याच्या पणतवंडांनी जेवता जेवता माना वर केल्या. सगळे माळाच्या वरच्या अंगाला बघत होते. दरवर्षी बघतात. तिथून काही येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मग कुणीतरी हसतं, हात धुतं, आणि हातात मिळेल ती काठी घेऊन आमच्या कोपीकडं यायला लागतं. मारायला. परवा चौऱ्याण्णव माणसं जेवली, मी मोजली.

त्या वर्षी येळवसेच्या दुसऱ्या दिवशी मी धुक्यातच उठलो. दिलेली जबान मी मोडत नाही. गठुडं पुन्हा बांधलं, मीठ सोडून. घोंगडी खांद्यावर टाकली, मायनं दिलेली भाकरी घेतली आणि मेंढरं घेऊन निघालो. बा दारात उभा होता. घाटाची वाट उजवीकडं जाते तिथवर गेलो. हौशा थांबला, मागं वळून माझ्याकडं बघायला लागला. लोक सांगतात की मेंढरं आपोआप डावीकडं वळली. तेवढं चूक आहे. मेंढरं मी वळवली. ग्यानबा तात्याच्या मोकळ्या बाजरीच्या रानात त्यांना घातलं, गठुडं बांधावर टाकलं आणि झोपलेल्या वस्तीकडं तोंड करून शाळेत राहिलेलं अक्षर मोठ्यानं म्हणालो.

"ए म्हाद्या, ऊठ बे! मेंढरं आनलीत."